सफरचंदाच्या जागी

ज्या ऑगस्टात वादळानं सफरचंद पाडलं
त्यानंतर अंगणात नुसता खड्डा होता.
कोंबड्या उतरायच्या, पाणी साचायचं,
आणि येणारा-जाणारा विचारायचा,
एर्सिलिया, इथं आता काय लावणार?
जणू मी कुणाला शब्द देऊन बसले होते.

एलिसेओनं, माझ्या जावयानं,
दालकावेच्या बाजारातून दोन रोपं आणली
चरबीच्या रिकाम्या डब्यांत:
एक अरायान, एक ऊल्मो.
दोन्ही बारमाही हिरवी, दोन्हींना पांढरं फूल,
दोन्हींना पाकळ्या चारच, बाकी सगळा केसरांचा पसारा.
"एकच लावा," म्हणाला, "खड्डा एकच आहे."
हिशेबी माणूस. सामन माशांच्या कारखान्यात वजनं टिपतो.

अरायान मला ठाऊक आहे.
खोड दालचिनीच्या रंगाचं, आणि गार.
भर जानेवारीत हात ठेवा, गारच,
नुकत्याच नदीतून वर आलेल्या पोराच्या पाठीसारखं.
पानं नखाएवढी; चुरगळली की नाकात तिखट, स्वच्छ काहीतरी.
मग काळी फळं, जीभ जांभळी करणारी.
वाढतं बेतानं. दाराशी लावलं तरी
दार दिसत राहील.
चार-पाच वर्षांत फुलेल, म्हणजे मी पंचाहत्तर-शहात्तरची.
जमण्यासारखं होतं.

ऊल्मोचं तसं नाही.
कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही.
चाळीस मीटर म्हणजे आमच्या चर्चच्या मनोऱ्यावर
दुसरा मनोरा, त्यावर अजून एक घंटा.
बटाट्यांच्या वाफ्यावर त्याची सावली कायमची राहायला येईल.
आणि फुलायचं म्हणाल तर
पंधरा वर्षं तो नुसता विचारच करतो.
मग एका फेब्रुवारीत अख्खा डोंगर पांढरा दिसतो
आणि आपल्याला वाटतं, हे सगळं आपल्यासाठीच.

बाल्दोमेरोनं जन्मभर ऊल्मो तोडले.
साल कातडी कमावणाऱ्यांना, उरलेलं चुलीला.
"याच्या विस्तवाला तोड नाही," म्हणायचा.
जायच्या आदल्या हिवाळ्यात
शेकता शेकता विचारलं त्यानं,
"मी किती तोडले, तू मोजलेस का गं?"
मी म्हटलं, मी बटाटे मोजत होते.
आणि ते खरंच होतं.

शेजारची ओतिलिया मधमाश्या पाळते,
तेव्हा तिचं मत काय विचारायचं!
ऊल्मोचा मध, पांढरट, चमच्याला न सोडणारा,
तिच्या नातवाच्या शाळेची फी त्यातूनच जाते.
"अरायानवरही येतात की माश्या," मी म्हटलं.
"येतात," ती म्हणाली, "पाहुण्या म्हणून."

जास्त देखणं कुठलं, असं धाकट्या नातीनं विचारलं.
अरायान, जवळून पाहिलं तर.
ऊल्मो, खाडीच्या पलीकडून.
"मग आपण कुठं उभं राहायचं?" ती म्हणाली.
तिला मी कोंबड्यांना दाणे घालायला पाठवलं.

शेवटी खड्ड्यात अरायान गेलं.
गुडघे माझे, फावडं माझं,
राहिलेली वर्षंही माझीच.
ऊल्मोचा डबा लाकडांच्या खोपीमागे सरकवला,
ओतिलिया नेईल म्हणून.
तिची सून आजारी पडली, मग मेंढ्या व्यायल्या,
मग तिला आठवलं नाही आणि मलाही.

तीन वर्षांनी, परवा, खोपीमागची गटार साफ करताना
डबा उचलायला गेले.
हलेना.
बूड केव्हाच गंजून गेलं होतं
आणि मुळं खाली उतरली होती,
बाल्दोमेरोच्या कुऱ्हाडीनं उडालेल्या
त्या जुन्या, कुजून काळ्या झालेल्या ढलप्यांत.
रोप माझ्या खांद्याला लागत होतं.

त्याला मी काहीच म्हटलं नाही.
डब्याची कड तेवढी गळ्याशी अडकलीय,
ती कापायला एलिसेओची पकड मागून आणायला हवी.

अरायानला यंदा पहिल्यांदा फुलं आली. सात.
दोनदा मोजली.